कुमारवाचक आणि दुःस्वप्नलोकाच्या कथा

आदर्श राज्याचे चित्र रंगविण्याची हौस साहित्याला जुनीच आहे. सर टॉमस मूर याचा ‘युटोपिया’ १५१६ साली प्रसिद्ध झाला; आपल्याकडील रामराज्याची कल्पना तर त्याहूनही प्राचीन. याच्या उलट, सुखाच्या नावाखाली माणूसपण हिरावून घेणाऱ्या समाजाची जी कथा, तिला दुःस्वप्नलोकाची कथा म्हणता येईल. ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीने (१९४९) ती सर्वतोमुखी केली. अकरा ते चौदा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या अशा कथांत लोइस लाउरी या अमेरिकन लेखिकेची ‘द गिव्हर’ (१९९३) विशेष उल्लेखनीय होय. तिच्यातील बारा वर्षांच्या नायकाच्या वसाहतीत भूक नाही, कलह नाही. पण रंगही नाहीत आणि गतकाळाच्या आठवणीही नाहीत. प्रत्येकाचा व्यवसाय वडीलधारी मंडळीच ठरवून देतात.

मराठीत अगदी अशीच कथा सहजी हाती लागत नाही. परंतु तिच्या जवळ जाणारे लेखन डॉ. जयंत नारळीकरांनी केले. त्यांच्या ‘हिमप्रलय’ कथेत मुंबईवर बर्फ पडते आणि वेळीच न ऐकलेल्या इशाऱ्याची किंमत जगाला मोजावी लागते. ‘वामन परत न आला’ या कादंबरीतील यंत्रमानव मानवाच्याच ज्ञानलालसेतून जन्म घेतो.

अशा वाचनाने मुले भेदरतील, असा आक्षेप घेतला जातो. पण आजीच्या गोष्टीतला राक्षस काय कमी भयंकर असतो? भेद एवढाच की, राक्षस बाहेरून येतो आणि शेवटी मारला जातो. येथील संकट मात्र आपल्याच सोयीतून, पुष्कळदा सद्धेतूतून उपजते. म्हणूनच शिक्षकाने तात्पर्य सांगण्याची घाई करू नये. त्याने तीन प्रश्न विचारावेत: या व्यवस्थेचा आरंभ कोणत्या चांगल्या हेतूने झाला? तिची किंमत कोणी मोजली? ती कोठे थांबविता आली असती? तिसऱ्या प्रश्नाने भीतीचे रूपांतर विचारात होते. ‘द गिव्हर’चा शेवट लेखिकेने मोकळा ठेवला आहे, त्यावर मुलांना खुशाल वाद घालू द्यावा.

इंदूरच्या भंवरकुआं भागात या प्रश्नांना निराळीच धार येते. हा भाग शिकवणीवर्गांनी गजबजलेला असून परगावची शेकडो मुले येथे खोल्या घेऊन राहतात. सातवीतल्या मुलाने पुढे काय व्हावे, हे कित्येक घरांत त्याला न विचारताच ठरलेले असते. आणि तेही निखळ मायेपोटी! अशा मुलाला लाउरीची वसाहत परकी वाटण्याचे कारण नाही. ‘हे कोणी ठरविले?’ असा प्रश्न कथेतील समाजाला विचारण्यास तो शिकला, तर उद्या स्वतःच्या आयुष्याविषयीही तो विनयाने, पण निर्भयपणे विचारील. गुणपत्रिकेत या शक्तीचा रकाना नसतो. तरीही ती जोपासणे हे भाषाशिक्षकाचे कर्तव्यच आहे.