'बों दीआ' म्हणण्याआधी

बागलाणातल्या नामपूर गावच्या एखाद्या पोराला पोर्तुगीज नमस्कार शिकवायचे म्हटले, तर पहिली शंका ठरलेली असते: घरी अहिराणी, शाळेत मराठी, त्यात हिंदी आणि इंग्रजी, आता आणखी एक भाषा आली तर पोर गोंधळणार नाही का? नाही गोंधळत. लहानपणी दोन भाषांचे शब्द एकाच वाक्यात येणे स्वाभाविकच असते. कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे मुलांना लवकर उमगते. बागलाणातले मूल आजीशी अहिराणीत आणि बाईंशी मराठीत बोलतेच की.

दुसरा समज, पोर्तुगीज ही गोव्याची भाषा. तिथे 1510 पासून 1961 पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते हे खरे, पण लोकांची भाषा कोकणीच राहिली. 1987 च्या कायद्याने तीच राजभाषा झाली. सहलीला गेल्यावर तिथल्या माणसाचे आभार मानायचे, तर 'देव बरें करूं' शिकवावे. पोर्तुगीज बोलणारी सर्वाधिक माणसे ब्राझीलमध्ये आहेत.

आणि महाराष्ट्राचा तिच्याशी संबंध नाही, असे तर मुळीच नाही. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कोर्लई गाव आहे. 1740 मध्ये शेजारचे चौल मराठ्यांकडे आले आणि पोर्तुगीज सत्ता तिथून गेली, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली बोली टिकून राहिली. गावकरी तिला 'नो लिंग' म्हणतात, आमची बोली. शेजारच्या मराठीचा तिच्यावर इतका परिणाम झाला की तिचे क्रियापदही मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते. पोर्तुगालहून नवे लोक येणे थांबल्यावरही घराघरांतून मुलांच्या तोंडी ती उतरत राहिली, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता प्रत्यक्ष शब्द. ते इंग्रजीच्या साच्यात बसवले की चुका होतात. 'बों दीआ' सकाळी, दुपारी 'बोआ तार्द', अंधार पडल्यावर 'बोआ नोइत'. हा शेवटचा शब्द निरोपाचाच नाही. रात्री भेटल्यावरही तोच म्हणतात. ब्राझीलच्या बऱ्याच भागांत 'दीआ'चा उच्चार 'जीआ' होतो, तोही बरोबरच. आभार मानताना मुलगा 'ओब्रिगादु' म्हणतो, मुलगी 'ओब्रिगादा'. समोर कोण आहे याने फरक पडत नाही. 'मी आलो', 'मी आले' म्हणणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळे समजावावे लागत नाही.

मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला की काम झाले, हा समज मात्र सोडायला हवा. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेचे ध्वनी समोर बसलेल्या माणसाकडून ओळखता आले, पडद्यावरून नाही. प्रयोग तान्ह्या बाळांवरचा होता, तरी मोठ्या मुलांच्या बाबतीतही मी समोरासमोर बोलण्यावरच भर देईन. नमस्काराला उत्तर देणारे कोणी तरी लागतेच. सुरुवात 'तुदु बेंय?'ने करावी, म्हणजे 'सगळं ठीक?' उत्तरही तेच, फक्त प्रश्नाचा सूर काढून: 'तुदु बेंय.' एवढ्यावर दोन मुलांचे संभाषण सुरू होते.