निवडीचा प्रश्न आणि साडेतीन मिनिटांची भैरवी

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त कार्यकारिणीने एक ठराव केला. आधुनिक काळातील सर्वांत मौल्यवान अशा पंचवीस सांस्कृतिक आणि वैचारिक कामगिऱ्या निवडायच्या, त्यांची टिपणे, चित्रे आणि ध्वनिमुद्रणे एका पेटीत बंद करायची आणि ती पेटी पन्नास वर्षांनी उघडायची. निवड समितीत माझेही नाव होते. पहिल्या बैठकीत तासाभरात फळा भरला : उत्क्रांतीचा सिद्धान्त, सापेक्षतावाद, भारतीय संविधान, महात्मा फुल्यांचे लेखन, रवींद्रनाथ, देवीच्या रोगाचे निर्मूलन, चित्रपट. दुसऱ्या बैठकीत यातले काय पुसायचे यावरून आवाज चढले. तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी शांतपणे विचारले, “नावे झाली. निकष कुठे आहे?” उत्तर कुणाकडेच नव्हते.

अशी निवड यापूर्वी कुणी खरोखर, जबाबदारीने केली आहे का, याचा शोध घेताना एक उदाहरण मला वारंवार खुणावत राहिले. त्याचा एक धागा थेट गोव्यातल्या केरी गावापर्यंत पोहोचतो. प्रस्तुत लेखात त्या उदाहरणाची तपासणी करून निवडीच्या निकषाबद्दल माझ्या हाती काय लागले, ते मांडत आहे.

एका तबकडीवरचे जग

१९७७ साली अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने दोन याने अवकाशात सोडली. ‘व्हॉयेजर २’ २० ऑगस्टला निघाले आणि ‘व्हॉयेजर १’ ५ सप्टेंबरला. मोठ्या ग्रहांची पाहणी झाल्यावर ही याने परत येणार नव्हती. ती सूर्यमालेबाहेर जात राहणार होती. म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली, बारा इंच व्यासाची तांब्याची तबकडी बसवण्यात आली. कधी काळी ती कुणाच्या हाती लागली, तर पृथ्वीवर कोण राहत होते हे त्यांना कळावे, हा हेतू. तबकडीवर काय असावे हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन. फ्रँक ड्रेक, अ‍ॅन ड्रुयान, टिमोथी फेरिस, जॉन लॉम्बर्ग आणि लिंडा सॉल्झमन सेगन हे त्यांचे प्रमुख सहकारी.

तबकडीवर ११५ चित्रे, ५५ भाषांतील अभिवादने, पृथ्वीवरील काही आवाज आणि सुमारे दीड तासाचे संगीत आहे. संगीताच्या २७ तुकड्यांत बाखच्या तीन रचना आहेत आणि बीथोव्हनच्या दोन. मोत्झार्ट आणि स्त्राविन्स्की आहेत, लुई आर्मस्ट्राँग आणि चक बेरी आहेत. त्यांच्या शेजारी सेनेगलचे तालवाद्य, जावाचे गॅमेलान, चीनमधील सात तारांचे छिन आणि बल्गेरियातील लोकगीत आहे. भारताच्या वाट्याला एक जागा आली. तिथे आहे केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी, ‘जात कहाँ हो’. अवधी सुमारे साडेतीन मिनिटे.

समितीतील माणसे विद्वान होती आणि त्यांचा हेतू चांगला होता. म्हणूनच त्यांच्या निवडीतले उणे पाहण्यासारखे आहे. ५५ भाषांत सुमेरियन, अक्कादियन आणि हित्ताइत या कधीच लुप्त झालेल्या भाषा आहेत. मराठी आहे, गुजराती, कन्नड, तेलुगू, ओडिया, पंजाबी आहेत. पण तमिळ नाही आणि आफ्रिकेतील कोट्यवधी लोकांची स्वाहिली नाही. तमिळपेक्षा हित्ताइत अधिक मौल्यवान आहे असे कुणी ठरवले नव्हते. अभिवादने मुख्यतः अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात ध्वनिमुद्रित झाली आणि त्या थोड्या दिवसांत तिथे जे बोलणारे मिळाले त्यांच्या भाषा यादीत आल्या. प्राचीन भाषांचे अभ्यासक विद्यापीठाच्या आवारातच होते.

चित्रांबाबत समितीने जाणूनबुजून एक मर्यादा घातली. युद्ध, रोगराई, गुन्हेगारी यांची चित्रे पाठवायची नाहीत असे ठरले. म्हणजे ज्या शतकाने दोन महायुद्धे पाहिली, त्याचे प्रतिनिधित्व करणाऱ्या तबकडीवर युद्ध नाही. मात्र संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन महासचिव कुर्ट वाल्डहाइम यांचा शांततेचा संदेश तिच्यावर आहे. जर्मन सैन्यातील अधिकारी म्हणून वाल्डहाइम यांनी घालवलेल्या वर्षांविषयी त्यांनी बरेच दडवून ठेवले होते, हे १९८६मध्ये उघड झाले. तोवर याने गुरू आणि शनी ओलांडून गेली होती. जे मुद्दाम वगळले होते, ते निवडणाऱ्यांच्या नकळत तबकडीवर जाऊन बसले होते.

केरीची गायिका

केसरबाईंचा जन्म १८९२ सालचा, गोव्यातील केरीचा. कलावंतांच्या परंपरेतून त्या आल्या. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँ यांच्याकडे त्यांनी दीर्घकाळ तालीम घेतली. ‘सुरश्री’ ही पदवी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली, १९६९मध्ये पद्मभूषण मिळाले. मैफल हेच त्यांचे खरे क्षेत्र. कीर्तीच्या मानाने त्यांच्या ध्वनिमुद्रिका फार थोड्या.

त्यांचे नाव सुचवले ते रॉबर्ट ब्राऊन या अमेरिकी संगीत-अभ्यासकांनी. पण नाव ठरले तरी ध्वनिमुद्रिका मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. त्या तिथे नसत्या, तर पृथ्वीतर्फे गाणारा भारतीय आवाज कदाचित दुसराच असता. १६ सप्टेंबर १९७७ रोजी, ‘व्हॉयेजर १’ निघाल्यानंतर अकराव्या दिवशी, केसरबाईंचे निधन झाले.

ही हकीकत आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते आणि तो अभिमान रास्त आहे. परंतु तिच्यात निवडीविषयीचे एक सत्य दडलेले आहे. समितीला हवे होते भारतीय रागसंगीत. हाती आली एक तबकडी. ख्यालगायन हे तास-तासभर एकेका रागाची बढत करीत जाणारे गायन. त्याची ओळख साडेतीन मिनिटांत करून द्यावी लागली, कारण जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे. ज्यांनी मैफलीत मन ओतले, पण यंत्रासमोर कधी गायिले नाही, असे गवई या स्पर्धेत मुळात उतरलेच नव्हते.

येथे मला माझा पहिला निष्कर्ष मिळाला. आपण श्रेष्ठ कृती निवडतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण उपलब्ध नोंदींतून निवडतो. ज्याची नोंद झालेली नाही, ते नापसंत ठरत नाही. ते समोर येतच नाही.

नोंदीचे यंत्र

हे लक्षात आल्यावर आमच्या फळ्यावरच्या यादीकडे मी पुन्हा पाहिले. तिच्यात एक ठळक उणीव दिसली. ध्वनिमुद्रण तिच्यात नव्हते.

एडिसनने फोनोग्राफ तयार केला १८७७मध्ये, व्हॉयेजरच्या बरोबर शंभर वर्षे आधी. त्यापूर्वीच्या जवळजवळ कुठल्याही गायकाचा आवाज आपण ऐकू शकत नाही. तानसेनाविषयी आख्यायिका आहेत, आवाज नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आले आणि गौहरजान यांच्या गाण्याच्या तबकड्या निघाल्या. त्या काळी ‘घरंदाज’ म्हणवणाऱ्या स्त्रिया यंत्रासमोर गात नसत. ज्यांना समाज गाणे ऐकण्यापुरते जवळ करी आणि एरवी दूर ठेवी, त्या गायिकांनी हे नवे तंत्र आपलेसे केले. दिवाणखान्यात बोलावणे आल्याशिवाय जो आवाज ऐकायला मिळत नसे, तो आता बाजारात विकत मिळू लागला. केसरबाईंची भैरवी सूर्यमालेबाहेर गेली, त्या प्रवासाची सुरुवात इथे आहे.

बाख, सेनेगलचा ताल आणि केरीची गायिका एका तबकडीवर शेजारी-शेजारी ठेवता येतात, त्यांना एकाच कानाने ऐकता येते, ही माझ्या मते खास आधुनिक काळाची देणगी आहे. तबकडीवरील बहुतेक परंपरा जुन्या आहेत. त्यांना समान आदराने एकत्र मांडण्याची दृष्टी आणि तसे करता येईल असे साधन, ही मात्र नवी. म्हणून मी निकष असा मांडला : एखादी कृती किती थोर आहे यापेक्षा तिच्यामुळे इतर किती जणांच्या कृती टिकू शकल्या आणि एकमेकांपर्यंत पोहोचू शकल्या, हे पाहावे.

जाते थांबले तेव्हा

या निकषाची दुसरी बाजू मात्र मला बोचते. ती सांगण्यासाठी घरातली गोष्ट सांगावी लागेल.

माझी आजी जात्यावर दळताना ओव्या गात असे. पहाटे घरघर सुरू झाली की त्यावर तिचा आवाज चढे. माहेर, भाऊ, पंढरीची वाट, सासूचा जाच, पोटात ठेवलेले सगळे तिथे निघे. पुढे गावात वीज आली, पिठाची गिरणी आली. आजीचे कष्ट वाचले आणि त्याबद्दल तिने गिरणीला कधी नावे ठेवली नाहीत. पण जाते थांबले आणि ओवीही थांबली. नुसते बसून गा म्हटले तर ती म्हणे, “हातात खुंटा नसला की आठवत नाही गं बाई.” हे ती माझ्या बहिणीला म्हणे, मी तर तेवढेही कधी विचारले नव्हते.

घरात तेव्हा टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही रेडिओवरची सिनेमाची गाणी उतरवून घेतली. एकच कॅसेट दहा-दहा वेळा पुसून पुन्हा भरली. आजीला त्या यंत्रासमोर बसवावे असे कुणालाही सुचले नाही. ती गेली तेव्हा मी पदवीच्या वर्गात साहित्य शिकत होतो आणि लोकगीतांवरच्या प्रश्नाचे उत्तर पाठ करीत होतो.

गिरणी आणि टेपरेकॉर्डर ही एकाच आधुनिक काळाची दोन यंत्रे. एकाने ओवीचा प्रसंग नेला, दुसरे तिची नोंद ठेवू शकले असते. आमच्या घरात पहिल्याने आपले काम केले. दुसऱ्याचे काम राहून गेले, कारण ते आमच्या हातात होते.

ज्यांना हे वेळीच सुचले अशी माणसे होती. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. या कामाची पद्धत व्हॉयेजरच्या अगदी उलट आहे. तिथे सर्वोत्तम २७ निवडायचे होते. इथे कोणती ओवी श्रेष्ठ हे कुणी विचारले नाही. जी बाई गाते तिचे नाव, गाव आणि ओवी लिहून घेतली. त्यामुळे एकाच भावाची, एकाच वाटेची ओवी शेकडो आवाजांत ऐकता येते. एका मोठ्या समूहाने मिळून घडवलेले काव्य कसे असते, हे कळायला दुसरा मार्ग नाही. निवड करणाऱ्याच्या आधी जपणारा यावा लागतो, हा माझा दुसरा निष्कर्ष.

पेटीत काय ठेवले

तिसऱ्या बैठकीत मी हे सगळे मांडले. एका सभासदांनी आक्षेप घेतला, “मग संविधान आणि टेपरेकॉर्डर एकाच पंगतीत बसवायचे?” प्रश्न योग्य होता. मी म्हणालो, संविधानही याच कसोटीवर उतरते. ज्यांचे म्हणणे पूर्वी नोंदलेच जात नव्हते, त्यांना मत नोंदवण्याचा समान अधिकार त्याने दिला. त्याची थोरवी कमी होत नाही, उलट तिचे कारण सांगता येते. हे सर्वांना पटले असे नाही. पण ‘कोण थोर’ ऐवजी ‘कशामुळे काय शक्य झाले’ यावर चर्चा वळली आणि आवाज खाली आले.

शेवटी पंचवीसऐवजी चोवीस नोंदी ठरल्या. पंचविसाव्या जागी एक कागद ठेवायचे ठरले : आम्हाला जे निवडता आले नाही, कारण त्याची नोंद आमच्याजवळ नव्हती, त्याची यादी. गावातील जुन्या भजनी मंडळाच्या चाली, बंद पडलेल्या तमाशा फडाची वगनाट्ये, बलुतेदारांच्या कामातले शब्द. त्या यादीत मी माझ्या आजीच्या ओव्या लिहिल्या. एकही ओवी पूर्ण आठवत नाही, म्हणून फक्त तिचे नाव आणि गाव लिहिले.

पुढच्या बैठकीला दोन सभासद आपापल्या घरच्या वृद्धांचे आवाज मोबाइलवर टिपून घेऊन आले. एका आवाजात मागे मिक्सर चालू होता, दुसरा मध्येच तुटत होता. समितीने ती मुद्रणे वाचनालयाच्या संग्रहात दाखल करून घेतली आणि दाखल नोंदवहीत त्यांना क्रमांक दिले. पेटी अजून बंद झालेली नाही. तोवर कागदावरच्या यादीतले जेवढे खोडता येईल तेवढे खोडायचे, असे आम्ही ठरवले आहे.