रात्रीत बदललेला फोन

रामबागेतील आमच्या परिचयाच्या एक आजी एके दिवशी सकाळीच घाबऱ्याघुबऱ्या आमच्याकडे आल्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्यात. दोघांशी रोजचे बोलणे ज्या फोनवर होते, त्याचे रूपच रात्रीत पालटले होते. घड्याळाचे आकडे मोठे झालेले, बटणांच्या जागा बदललेल्या आणि वर एक सूचना, की आपला फोन अद्ययावत झाला आहे. "अहो, मी कशालाही हात लावला नाही. मग रात्री यात कोण शिरलं?" हा त्यांचा प्रश्न.

त्याच महिन्यात लोकमान्य नगरातील आमच्या एका सेवानिवृत्त स्नेह्यांना बँकेच्या नावाने संदेश आला, की अमुक फाइल उघडून ताबडतोब अपडेट करा, अन्यथा खाते बंद होईल. त्यांनी ती उघडली आणि निवृत्तिवेतनातून साठवलेली बरीचशी रक्कम गेली. पुढे चौकशी करता कळले, की फोन स्वतः खऱ्या अपडेटविषयी विचारी, तेव्हा हे गृहस्थ दोन वर्षे नेमाने 'नंतर' हेच बटण दाबत आले होते. दुरुस्ती करणाऱ्याला त्यांनी दारात तिष्ठत ठेवले आणि भामट्याला मात्र थेट माजघरात नेले!

या दोन प्रसंगांमुळे हा विषय वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटले.

फोनच्या पडद्यामागे एक मूळ प्रणाली असते. बोलणे, छायाचित्रे, पैशांचे व्यवहार हे सारे तिच्या आधारावर चालते. बहुतेक फोनांत ही प्रणाली अँड्रॉइड असते, आयफोनमध्ये आयओएस. कोट्यवधी ओळींच्या या रचनेत कुठेतरी फट राहतेच. २०१५ च्या जुलैमध्ये अँड्रॉइडमधील 'स्टेजफ्राइट' नावाचा दोष उघडकीस आला. चित्रफितीचा एक खोडसाळ संदेश येऊन पडला, की फोन परक्याच्या ताब्यात जाऊ शकत असे. शोधकर्त्यांच्या अंदाजाप्रमाणे असे सुमारे ९५ कोटी फोन होते. त्यानंतरच्याच ऑगस्टपासून गूगलने दरमहा सुरक्षा-दुरुस्ती देण्याचा प्रघात पाडला. आयफोनला तर २०११ पूर्वी संगणकाला तार जोडूनच नवी प्रणाली घ्यावी लागे. त्या वर्षी आलेल्या आयओएस ५ पासून ती थेट फोनवर येऊ लागली.

ही दुरुस्ती येते कशी? दोष सापडला, की गूगल तो फोन बनविणाऱ्या कंपन्यांस निदान महिनाभर आधी कळविते आणि मग जाहीर करते. प्रत्येक कंपनी ती दुरुस्ती आपापल्या फोनांत बसवून, तपासून पाठविते. तीही एकदम सर्वांना नव्हे. आधी थोड्यांना, कुठे बिघाड दिसला नाही म्हणजे इतरांना. शेजाऱ्यांच्या फोनवर आलेले अपडेट आपल्याकडे आठवड्याने येते ते यामुळेच. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोष जाहीर झाला, की तो चोरांनाही कळतो. म्हणून त्या दिवसापासून 'नंतर' म्हणणे महागात पडू शकते.

पूर्वी दरबारी खलित्यावर मोहोर असे. ती फुटलेली वा निराळी दिसली, तर खलिता खोटा ठरे. अपडेटवरही अशी सांकेतिक मोहोर असते. ती उमटविण्याची गुप्त किल्ली केवळ कंपनीपाशी. ती ओळखण्याची खूण मात्र फोनमध्ये कारखान्यातच घातलेली असते. वाटेत कोणी एक अक्षर जरी बदलले, तरी मोहोर जुळत नाही आणि फोन ते अपडेट नाकारतो.

आता मध्यरात्रीच्या उलाढालीविषयी. २०१६ मधील अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनांत प्रणालीसाठी दोन जागा ठेवण्याची सोय झाली. वाड्यात राहत्या खोलीस हात न लावता शेजारची रिकामी खोली सारवून, सजवून सज्ज करावी आणि मग बिऱ्हाड हलवावे, तसाच हा प्रकार. आपण फोन वापरत असतो, तेव्हा दुसऱ्या जागी नवी प्रणाली लिहिली जाते. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की ती कामाला लागते. नव्या खोलीत काही बिनसले, तर फोन आपोआप जुन्या खोलीत परततो. आपली छायाचित्रे आणि संदेश या दोहोंपासून निराळ्या कोठीत असतात, त्यांना धक्का लागत नाही. काही फोनांत ही दुहेरी सोय नसते. तेथे सारे काम फोन बंद होऊन सुरू होताना उरकले जाते. आपोआप होणारे अपडेट बहुधा रात्री, फोन विजेला जोडलेला असताना होते, कारण त्या वेळी आपल्याला त्याची गरज नसते.

आजींच्या भीतीचा उपहास करावा असे मात्र आम्हांस वाटत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये देशभरातील असंख्य लोकांना आपल्या फोनमध्ये आधारचा जुना साहाय्यता-क्रमांक, स्वतः न लिहिता, आढळला आणि एकच गदारोळ उडाला. २०१४ मध्ये भारतासाठी दिलेल्या प्रणालीत तो आपल्याकडून चुकून घातला गेल्याची कबुली गूगलने दिली. दुरुस्तीचे आश्वासन होते तेही पुढील आवृत्तीतूनच. जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग अपडेटद्वारे कमी केल्याचे ॲपलनेही २०१७ च्या डिसेंबरात मान्य केले आणि क्षमा मागितली. म्हणजे दुरुस्ती करणाराही क्वचित चुकतो. पण त्याची चूक पुढे सुधारता येते. भामट्याने नेलेले पैसे परत येतीलच असे नाही.

मग खरे अपडेट ओळखावे कसे? ते फोनच्या स्वतःच्या 'सेटिंग्ज'मध्ये दिसते. ते संदेशातील दुव्याने, फाइलीने वा कोणाच्या दूरध्वनीने कधीही येत नाही. आमच्या स्नेह्यांना आलेली फाइल म्हणजे प्रणालीचे अपडेट नव्हतेच. ते एक परके ॲप होते आणि त्याला आत येण्याची परवानगी त्यांनी आपल्या हाताने दिली होती. अशी फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

जेल रोडवर नवा फोन घ्यावयास जाल, तेव्हा रंग नि कॅमेऱ्याबरोबर आणखी एक विचारावे : याला सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे मिळणार? गूगलच्या पिक्सेल ८ ला (२०२३) आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २४ ला (२०२४) सात वर्षांचे वचन आहे. पुष्कळ स्वस्त फोनांना त्याहून बरेच कमी मिळते. ती मुदत संपलेल्या फोनवर पैशांचे व्यवहार न करणेच शहाणपणाचे.

आजींना आम्ही 'सेटिंग्ज'मधील ती जागा दाखविली आणि अक्षरे पूर्ववत करून दिली. त्यांनी तेथेच बसून पुण्यास फोन लावला. पलीकडून "आई!" असा आवाज आला, तेव्हा कोठे त्यांचा जीव भांड्यात पडला. जाताना म्हणाल्या, "म्हणजे रात्री आला तो आपला माणूस होता. आता दिवसा येतो त्यालाच तेवढं ओळखायचं."