बॉलनोजची वाट
नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मोल्ड शॉपमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या मिलिंग मशीनवर, स्टीलचा जॉब बांधलेला आहे. रफिंग, म्हणजे ढोबळ कापणी, झालंय, त्यामुळे उतारावर पायऱ्याच पायऱ्या दिसतात. सेटर होल्डरमध्ये १० मिमीचा बॉलनोज लावतो. या कटरचं टोक अर्धगोल, त्रिज्या ५ मिमी. कूलंट सुरू होतं आणि तो गोल पासामागून पास घेत पायऱ्या खात जातो.

गोल कुठल्याही क्षणी हव्या असलेल्या पृष्ठभागाला नुसता शिवतो. त्याच्या सगळ्या जागा मनात एकत्र धरल्या, की त्या सगळ्यांना शिवणारा एक पृष्ठभाग मिळतो. तोच आपला जॉब. फ्रेंच गणिती गास्पार मोंज यांनी दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी अशा पृष्ठभागांचा अभ्यास केला. गोल एखाद्या वाटेने सरकत गेला, तर बाहेरून बसणारं आवरण प्रत्येक गोलाला एका वर्तुळावर शिवतं, हे त्यातलं मर्म. त्यांचे विद्यार्थी शार्ल ड्युपिन यांनी तीन ठरलेल्या गोलांना शिवणारे सगळे गोल घेतले आणि त्यांच्या आवरणातून सायक्लाइड नावाचे देखणे पृष्ठभाग शोधले. कॅडमध्ये कोपऱ्याला फिलेट, म्हणजे गोलाई, देताना संगणकही दोन्ही भिंतींना टेकलेला गोलच लोळवत नेतो.

कटरच्या गोलाचा मध्य मात्र जॉबवर नसतो. तो ५ मिमी वर, समांतर पृष्ठभागावर चालतो, आणि खरी अडचण तिथे येते. आतल्या कोपऱ्याची त्रिज्या ३ मिमी असेल, तर हा समांतर पृष्ठभाग स्वतःवरच दुमडतो. प्रोग्राम तो दुमडलेला भाग छाटून टाकतो. छाटला नाही, तर कटर भिंतीत घुसेल. कोपऱ्यात धातू शिल्लक राहतो, तो नंतर ४ मिमीच्या बॉलने काढायचा.

दोन पासांमध्ये बारीक कणा उरतो. सेटर त्यावर नख फिरवून बघतो. सपाट भागावर त्याची उंची म्हणजे स्टेपओव्हरचा, म्हणजे दोन पासांमधल्या अंतराचा, वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. स्टेपओव्हर अर्धा मिमी असेल तर सुमारे ६ मायक्रॉन. तो पाव मिमी केला तर उंची चौथाई, जेमतेम दीड मायक्रॉन; मशीनचा वेळ मात्र दुप्पट. वेळ वाचवून उरलेलं पॉलिशवाल्यावर सोपवायचा मोह असतो. मला तो पटत नाही. कणे घासताना हात आकारही घासतो, आणि जिथे दोन भाग तंतोतंत बसायचे असतात तिथे ते महागात पडतं. अशा जागी मशीनलाच वेळ द्यावा.

भूमितीला गोल सगळीकडून सारखा. स्टीलला तसा नाही. फिरत्या कटरच्या अगदी तळाच्या बिंदूचा वेग शून्य असतो. तिथे धार कापत नाही, रगडते. म्हणून उतार चकाकतात आणि सपाट भाग मळकट निघतो. पाच अक्षांच्या मशीनवर कटर किंवा जॉब कलता करून तळाचा बिंदू कामातून दूर ठेवता येतो. या शॉपमध्ये तीनच अक्ष आहेत, तेव्हा सपाट भागासाठी सेटर बॉलनोज उतरवून सपाट तळाचा, गोल कडांचा बुलनोज लावतो.