‘सेट’ म्हणजे काय गं, आई?

परवा संध्याकाळी दह्याला विरजण लावत होते. सातवीतले चिरंजीव वही घेऊन ओट्याशी आले. “आई, ‘सेट’ म्हणजे काय गं?” नेहमीप्रमाणे मी म्हटलं, “बाबांना विचार. मला नाही तुमचं इंग्रजी कळत.” स्वारी गेली तशीच परत आली. बाबांनी ‘संच’ सांगितलं होतं. पण धड्यात तर ‘द सन सेट्स’ होतं. सूर्याचा कसला संच?

हसू आलं आणि जरा लाजही वाटली. कारण मैत्रिणींनो, हा शब्द आपण दिवसभर वापरतो! दही सेट झालं का बघतो, केस सेट करतो, लग्नात डिनर सेट देतो. मग माघार कशाला?

रात्री शब्दकोश उघडला. अर्थांची ही रांग! ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती. अर्थ ४३० हून अधिक.

पण घाबरू नका. एक किल्ली सांगते. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. अंगठीत खडा बसवला, मोडलेलं हाड बसवलं, केस बसवले, तिथे ‘सेट’च. पुढे गजर लावणं, सापळा लावणं, परीक्षेचा पेपर काढणं हेही त्यातच आलं. बसलेली वस्तू हलत नाही, म्हणून जेली आणि सिमेंट ‘सेट’ होतं. सूर्य खाली बसतो, म्हणजेच मावळतो. ‘संच’ हा अर्थ मात्र जुन्या फ्रेंचमधून आलेल्या वेगळ्या शब्दाचा. पुढे दोघं एकमेकांत मिसळले.

आणखी एक सोय म्हणजे भूतकाळातही याचं रूप बदलत नाही. बोलताना अडलं, तर ठेवायला ‘पुट’, मांडायला ‘अरेंज’, पक्कं करायला ‘फिक्स’ म्हणावं.

आणि आपलं ‘लावणे’ तरी काय कमी आहे? आपण दिवा लावतो, दार लावतो, कुंकू लावतो, मुलांना शिस्त लावतो आणि जीवही लावतो. एवढे अर्थ न चुकता सांभाळणारीला ‘सेट’ची कसली भीती?

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता मुलाला आठ-दहा अर्थ सांगितले. तो बघतच राहिला. आता शब्द अडला की वही आधी ओट्याशी येते. मलाही ठाऊक नसेल तर म्हणते, “थांब, दोघं मिळून शोधू.”

तुमच्याही तोंडी ‘बाबांना विचार’ आलं, तर क्षणभर थांबा. घरातला शब्दकोश खाली काढा, बघू!