माळ्यावरची सायकल पुन्हा रस्त्यावर

तुमच्या घराच्या माळ्यावर, जिन्याखाली किंवा परसात एखादी जुनी काळी सायकल पडून आहे का? उंच दांड्याची, सळ्यांच्या ब्रेकची, हँडलखाली पितळी बिल्ला असलेली? आजोबा तिच्यावरून कचेरीत जात, अशी आठवण कुणीतरी सांगते, आणि दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात द्यायची की नाही यावर चर्चा होते. यंदा ती सायकल खाली उतरवा. तिच्यावरून रोज शाळेत जाता येईल का, आणि त्यासाठी तिच्यात काय काय करावे लागेल, ते आपण पाहू.

प्रथम एक साधी परीक्षा. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. दोन्ही टाचा जमिनीला टेकत नसतील तर ती सायकल अजून तुमच्या मापाची नाही. वर्षभर थांबा किंवा मोठ्या भावाला द्या. सीट खाली घेता येते, दांडा खाली घेता येत नाही.

या सायकलींचा आराखडा मूळचा इंग्लंडमधला. जॉन केंप स्टार्ले यांनी १८८५ साली जवळजवळ सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळीने गती देणारी 'रोव्हर' सायकल आणली. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. पुढे भारतात मद्रासला टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपतला अ‍ॅटलस (१९५१) आणि लुधियानाला हीरो (१९५६) असे कारखाने निघाले. त्यांनी तोच आराखडा आणि बव्हंशी तीच मापे चालवली. याचा आपल्याला फार मोठा फायदा आहे. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद झाला. तरी त्या सायकलीला दुसऱ्या कारखान्याची चेन, पॅडल, छर्रे, टायर आजही बसतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या रेडिओला असे भाग्य लाभत नाही.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. माझ्या वडिलांनी १९७१ साली घेतलेली सायकल मी काही वर्षांपूर्वी बाहेर काढली आणि सर्वांत आधी तिला रंग दिला! दोन हात चकचकीत काळा रंग, वर सोनेरी रेघा. सगळ्यांनी वाहवा केली. आठव्या दिवशी चढावर उजवे पॅडल एकदम खाली घसरले आणि मी दांड्यावर आपटलो. क्रँकची कॉटर पिन झिजलेली होती, ती मी पाहिलीच नव्हती. पण खरी गोष्ट पुढेच आहे. दुरुस्तीला नेल्यावर सायकलवाले काका पिनेकडे न पाहता पुढच्या चिमट्याकडे, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्ककडे, पाहत राहिले. तिथे नव्या रंगावर केसासारखी बारीक तपकिरी रेघ उमटली होती.

खडू आणि रॉकेल

काकांनी तेवढ्या जागेचा रंग खरवडून काढला. धातू स्वच्छ केला, त्यावर रॉकेल लावले आणि दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून टाकले. मग खडूची पूड चोळली. पांढऱ्या पुडीवर थोड्याच वेळात एक ओली काळपट रेघ दिसू लागली. चिमट्याला चीर पडली होती.

हे कसे घडले? रॉकेलचा पृष्ठताण कमी असतो, त्यामुळे केशाकर्षणाने ते अगदी अरुंद भेगेत शिरते. वरचे पुसले तरी आतले राहते. खडूच्या कणांमधल्या जागा भेगेपेक्षाही सूक्ष्म असल्याने खडू ते रॉकेल पुन्हा बाहेर शोषून घेतो. रेल्वेच्या कारखान्यांत आसांसारखे भाग तपासायला एके काळी तेल आणि खडूची हीच पद्धत वापरत. आज विमानांच्या भागांवर रंगीत किंवा चमकणारे द्रव लावून तपासणी होते, ती याच पद्धतीची सुधारलेली आवृत्ती. तुमच्या सायकलीवर ही परीक्षा चार ठिकाणी करावी: चिमट्याच्या खांद्यापाशी, हँडलखालच्या सांध्यामागे असलेल्या नळ्यांवर, मागच्या चाकाच्या आसापाशी आणि रिमवर तारांच्या भोकांजवळ. (मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर, आणि मोठे कुणी जवळ असताना.)

फ्रेमच्या नळीला चीर असेल तर ती कधी कधी दुरुस्त होते. या फ्रेमच्या नळ्या खोबणीत बसवून पितळेने सांधलेल्या असतात. पितळ सुमारे ९०० अंश सेल्सिअसला वितळते, तर पोलाद १४०० अंशांच्याही वर. म्हणून नळी न वितळवता सांधा पुन्हा भरता येतो. चिमट्याला चीर असेल तर मात्र तो सांधत बसू नये, नवा घ्यावा. तिथे काटकसर नको. मागची नळी तुटली तर सायकल थांबते, चिमटा तुटला तर माणूस तोंडावर पडतो.

सांगाडा निर्दोष ठरला की पुढचे काम सुरू. हब, पॅडल आणि क्रँकचा आस यांतील छर्रे काढून रॉकेलने धुवावेत. मागच्या हबमध्ये पाव इंची छर्रे दोन्ही बाजूंना नऊ-नऊ असतात. पुढच्यात त्याहून लहान, दहा-दहा. काढताना मोजून वाटीत ठेवावेत. छर्‍यावर खड्डा किंवा काळा डाग दिसला तर त्या बाजूचे सगळेच बदलावेत; एकच नवा घातला तर तो किंचित मोठा असल्याने सगळा भार त्याच्यावर येतो. ग्रीस भरून कोन असा घट्ट करावा की चाक सहज फिरेल, पण बाजूला हलवल्यास डुगडुगणार नाही. हे एकदोनदा चुकते, मग बोटांना कळते.

पॅडल काढताना मात्र पुष्कळ जण घाम गाळतात, कारण डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला ठेवा आणि सायकलीच्या मागच्या दिशेने ओढा. दोन्ही पॅडले सुटतील. पण आटे उलटे का? उत्तर वाटते तितके सोपे नाही. छर्‍यांच्या घर्षणाचाच विचार केला तर उजवे पॅडल साध्या आट्यांनी सैल व्हायला हवे! एक प्रयोग करा. पेन्सिल मुठीत सैल धरा आणि तिचे टोक दुसऱ्या हाताने वर्तुळात फिरवा. टोक ज्या दिशेने फिरते, त्याच्या उलट दिशेने पेन्सिल स्वतःभोवती फिरताना जाणवेल. पॅडलचा आस क्रँकच्या भोकात कितीही घट्ट असला तरी सूक्ष्म अवकाश राहतोच, आणि पायाच्या दाबाने तो आस असाच आत 'लोळतो'. हा परिणाम घर्षणापेक्षा बलवान ठरतो. आटे त्याच्या दिशेनुसार कापल्यामुळे चालवताना पॅडल आपोआप आवळले जाते.

मला आपटवणाऱ्या कॉटर पिनेविषयी एवढेच: तिचा नट आवळून पिन घट्ट होत नाही, आटे मात्र जातात. क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा टेकवून पिन हातोड्याने ठोकून बसवावी, मग नट लावावा. खाली टेकू नसेल तर ठोक्याचा मार छर्‍यांना बसतो. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट्या बसल्या की दोन्ही क्रँक एका रेषेत येतात. तसे नसेल तर एक पिन काढून फिरवून घाला.

चढाचे गणित

आता सायकल रोजच्या उपयोगाची कशी करायची? माझ्या मते या सायकलीत करण्याजोगा सर्वांत मोलाचा बदल म्हणजे मागचे दंतचक्र, आपण ज्याला फ्रीव्हील म्हणतो ते. पुढच्या चक्राचे आणि फ्रीव्हीलचे दाते मोजा. माझ्या सायकलीचे ४४ आणि १८ होते. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक ४४ ÷ १८ = २.४४ वेळा फिरते. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर, म्हणून एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर ठीक. पण सायकल स्वतः २० किलोग्रॅम, तुम्ही ६० आणि दप्तर ५, असे ८५ किलोग्रॅम वजन २५ मीटरला १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर न्यायचे तर केवळ चढासाठी पुढे लावावे लागणारे बल ८५ × ९.८ ÷ २५ = सुमारे ३३ न्यूटन होते. क्रँक १६५ मिलिमीटरचा असेल तर एका फेऱ्यात पाऊल जवळजवळ १.०४ मीटर फिरते. ५.४ मीटरचे काम १.०४ मीटरात उरकायचे, म्हणून पॅडलवर सरासरी १७० न्यूटनांहून जास्त, म्हणजे साडेसतरा किलोग्रॅम वजनाइतका दाब हवा. त्यात हवेचा आणि रस्त्याचा विरोध वेगळाच.

१८ ऐवजी २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवा. आता गुणोत्तर बरोबर २ होते आणि एका फेऱ्यात सायकल ४.४ मीटर जाते. लागणारा दाब साडेचौदा किलोग्रॅम वजनाइतका होतो. एकूण कार्य मात्र तेवढेच राहते: अर्धा किलोमीटर चढायला आधी ९३ फेरे लागत, आता ११४ लागतील. मिनिटाला ६० फेरे धरले तर सपाटीवरचा वेग ताशी १९ किलोमीटरवरून १६ वर येतो. पाच किलोमीटरच्या शाळेला तीन-साडेतीन मिनिटे जास्त. गुडघ्यांसाठी हा सौदा मला मान्य आहे. तुमचा रस्ता सपाट असेल तर १८ दातेच ठेवा.

फ्रीव्हील बदलताना चेनही मोजा. तिच्या दोन लगतच्या पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणजे २४ अंतरांचे बरोबर १२ इंच व्हायला हवेत. सव्वाबारा नव्हे, १२ इंचांच्या वर इंचाचा एक अष्टमांश गेला तरी चेन बदलावी, नाहीतर ती नवे दाते कुरतडील. २२ दात्यांना चेन एखादा इंच लांब लागते, आणि पूर्ण झाकणाचे चेनकव्हर घासते आहे का तेही पाहावे.

पावसातला ब्रेक

या सायकलीचे एक वैगुण्य स्पष्ट सांगितले पाहिजे. तिच्या ब्रेकचे रबर क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिमला आतल्या बाजूने दाबले जाते. कोरड्यात हा ब्रेक पुरतो. पाऊस पडला की गुळगुळीत रिमवर पाण्याचा थर बसतो आणि घर्षण फार घटते. समजा ताशी १६ किलोमीटर वेग आहे आणि कोरड्यात तो दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद इतका कमी करता येतो. सायकल साधारण ३.३ मीटरांत थांबेल. घर्षण एक तृतीयांश झाले तर तेच अंतर जवळजवळ १० मीटर होते. रस्ता ओलांडणारे माणूस तीन मीटरांवर असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

म्हणून रबरे कडक झाली असतील तर नवीच घालावीत, ती रिमपासून दोन-तीन मिलिमीटरच दूर ठेवावीत, आणि रिम तेलकट होऊ देऊ नये. चाक किंचित डावी-उजवीकडे डुलले तर हा ब्रेक निभावून नेतो, पण चाक वरखाली उडत असेल तर ब्रेक झटके देतो. सायकलवाल्याला आउट काढायला सांगताना हे मुद्दाम दाखवा. पावसात चौकाच्या बरेच आधी ब्रेक हलकेच दाबून धरावा, म्हणजे रबर रिमवरचे पाणी पुसते. उताराच्या शाळेला जाणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर चालतच उतरावे, असे मी माझ्या पुतणीला सांगितले आहे. ती ऐकते, असे तिचे म्हणणे आहे.

बाकीचे थोडक्यात. टाच पॅडलवर ठेवून ते सर्वांत खाली आणल्यावर पाय सरळ व्हावा, इतकी सीट वर घ्यावी. वॉलट्यूब दोन-चार रुपयांची. हवा उतरत असेल तर ट्यूबवर राग काढण्यापूर्वी ती बदलून पाहावी. जुना डायनॅमो चालत असेल तर ठेवा, पण त्याचा दिवा सायकल थांबली की विझतो, म्हणून मागे एक बॅटरीचा लाल दिवा हवाच.

आणि शेवटी रंग. क्रोमवरचा गंज अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासला तर निघतो. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने मुलामा ओरखडत नाही. सुटे नट-बोल्ट व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून सोड्याच्या पाण्याने धुवावेत, लगेच पुसून तेल लावावे. नळ्यांवरचा मूळ रंग जिथे शाबूत आहे तिथे राहू द्या. बिल्ला आणि कारखान्याच्या रेघा तर मुळीच झाकू नका. त्या पुन्हा मिळत नाहीत. उघड्या पडलेल्या लोखंडाला रेड ऑक्साइडचा हात आणि वर काळा रंग, एवढे पुरे. वडिलांच्या सायकलीचा नवा चिमटा मी अजून तसाच वेगळ्या काळ्या रंगाचा ठेवला आहे.

पहिले आठ दिवस शाळेतून आल्यावर कॉटरचे नट, चाकांचे नट आणि हँडलचा बोल्ट रोज तपासा. नवी पिन या दिवसांत बसते आणि थोडी सैल होते. नवव्या दिवशी खाली टेकू देऊन तिला आणखी एक ठोका द्यावा.