सोयरीक आधी देवांची

गोंडांच्या घरी सोयरिकीची गोष्ट निघाली की शेती किती आणि नोकरी कुठे हे प्रश्न मागाहून येतात. आधी विचारतात, "तुमचे देव किती?" उत्तर येतं चार, पाच, सहा किंवा सात. दोन्हीकडचा आकडा सारखा निघाला तर बोलणं तिथेच थांबतं, कारण सारख्या देवांची माणसं एकमेकांची भाऊबंद. सहा देवांच्या घरातला मुलगा सहा देवांच्या घरातल्या मुलीचा भाऊ लागतो, मग त्यांची गावं शंभर कोसांवर का असेनात. प्रांताप्रांतात नियमाचे बारकावे बदलतात, कुठलं आडनाव किती देवांत मोडतं तेही बदलतं. पण भंडाऱ्यापासून आदिलाबादपर्यंत हा प्रश्न चुकत नाही. या गटांना गोंडीत 'सगा' म्हणतात.

या धर्माकडे बाहेरून पाहणाऱ्याला पहिल्यांदा दिसतात ती रानातली देवाची ठाणी, मोहाची दारू, बोकड-कोंबड्याचा मान. या सगळ्याच्या खाली असलेली नात्यांची वीण सहज दिसत नाही. माझ्या मते ती आधी समजून घ्यावी. गोंडांच्या देवाला 'पेन' म्हणतात, आणि पेन कोणाचा, हे कळल्याशिवाय तो कोण हे सांगताच येत नाही.

आज शहरांतली मुलं वेगळ्याच एका वनवासी जमातीच्या देवाला ओळखतात. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. संगणकावरच्या असंख्य अद्भुत खेळांची मुळं त्यात आहेत. त्यात एल्फ नावाची दीर्घायुषी, रानावनात रमणारी, गाण्याची आणि धनुर्विद्येची आवड असलेली जमात आहे. १९८० मध्ये जेम्स वॉर्ड आणि रॉबर्ट कुंट्झ यांनी या खेळासाठी देवदेवतांचं पुस्तक काढलं, 'डीटीज अँड डेमीगॉड्स'. त्यात एल्फांचा मुख्य देव आला, कोरेलॉन लॅरेथियन. खेळातल्या पुराणानुसार ऑर्क या शत्रू जमातीच्या ग्रूम्श या देवाशी झालेल्या लढाईत कोरेलॉनचं रक्त सांडलं आणि त्यातून एल्फ जन्मले. त्याच पुस्तकात आपले इंद्र आणि विष्णूही आहेत. प्रत्येक देवापुढे आकडे आहेत: किती घाव सोसेल, चिलखत किती भक्कम, मंत्र किती येतात. खेळासाठी ते हवेतच. लढाईत उतरायचं तर बळ मोजावं लागतं. गोंडांच्या देवालाही आकडा आहे, पण तो बळाचा नाही. कोणाच्या घरी मुलगी द्यायची आणि कोणाला भाऊ म्हणायचं, ते त्या आकड्यावरून ठरतं.

या आकड्यांची कथा ज्या डोंगराशी जोडली जाते तो कचारगड १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता. त्या दिवशी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि सालेकसा तालुक्यातल्या दरेकसा-धनेगावजवळचा हा गुहांचा डोंगर तिकडे गेला. माघ पौर्णिमेला इथे यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातून लाखोंच्या संख्येने लोक येतात. सप्तरंगी झेंडे, ढोल, 'जय सेवा'चा घोष आणि गोंगो, म्हणजे पूजा. यात्रेचं हे मोठं रूप १९८० च्या दशकातल्या कार्यकर्त्यांनी उभं केलं. त्यांत मोतीरावण कंगाली होते. रामटेक परिसरातल्या खेड्यात १९४९ साली जन्मलेल्या या माणसाने नागपुरात रिझर्व्ह बँकेची नोकरी सांभाळून गोंडी भाषा, कोया पुनेम हा गोंडांचा धर्म आणि त्याचा संस्थापक मानला जाणारा पारी कुपार लिंगो यांवर ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. २०१५ साली ते गेले.

कंगालींनी मांडलेली कथा यात्रेत आज सर्वांच्या तोंडी आहे. कली कंकाली या मातेची मुलं खोडकर निघाली, शंभूने त्यांना गुहेत कोंडून तोंडावर मोठी शिळा लावली. जंगो रायताड या बाईने त्या मुलांवर माया केली. लिंगोने संगीतकार हिरासुका पाटालीरला बरोबर घेतलं. त्याच्या सुरांनी आतल्या मुलांत बळ आलं, शिळा सरकली आणि मुलं बाहेर पडली. हिरासुका मात्र त्या शिळेखाली चिरडला गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने ज्ञान दिलं आणि त्यांचे सगे पाडले. या कथेत बाहेर काढणारा हात एकट्या लिंगोचा नाही. एक बाई आणि एक वाजवणारा नसता तर दार उघडलंच नसतं.

याच कथेचं आपल्याला छापलेलं मिळणारं जुनं रूप वेगळं आहे. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, यांनी एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या कथा गाणाऱ्याकडून, लिंगोचं गीत लिहून घेतलं. जवळजवळ हजार ओळींचं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटकडून परतताना पुराच्या नाल्यात वाहून गेले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. या गीतात गोंडांच्या अंगाच्या वासाला महादेव कंटाळतो. तो एक खार तयार करून त्यांच्यामधून सोडतो, गोंड तिच्यामागे गुहेत शिरतात आणि महादेव दगड लावून त्यांना कोंडतो. चार भाऊ तेवढे बाहेर राहतात. ते पळून 'काचीकोपा लोहागड' इथे जातात, आणि लिंगो त्यांच्यात येऊन राहतो. पुढे तो कोंडलेल्यांना सोडवतो, नदीच्या पुरातून कासवाच्या मदतीने चौघांना पार नेतो आणि मग कुळांची वाटणी करतो.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. आज लोक काचीकोपा लोहागड म्हणजेच कचारगड, तीच कोंडवाड्याची गुहा, असं मानतात. जुन्या गीतात मात्र गुहा वेगळी आणि लोहागड वेगळा; लोहागड ही वाचलेल्यांच्या आसऱ्याची जागा. मला यात कुणाचं खोटं दिसत नाही. वासाला कंटाळलेला महादेव हिस्लॉपच्या गीतात कुठून आला, हे विचारायला हवं. झाडीतल्या माणसांकडे नाक मुरडणारी नजर त्या गीतात शिरली आहे, आणि ती काढून टाकायचं काम कंगालींच्या पिढीने केलं. कोंडलेली माणसं आता कली कंकालीची पोरं झाली. घाणेरडी म्हणून टाकलेली राहिली नाहीत. जिवंत धर्म आपली कथा अशीच दुरुस्त करत जातो.

कथा गाणारा परधान हा या धर्माचा कणा. ठराविक गोंड घरांशी ठराविक परधान घराचं पिढ्यान्‌पिढ्या नातं, हातात किंगरी हे तंतुवाद्य, आणि कुळाची सगळी हकीकत पाठ. परधान आला नाही तर मोठ्या पूजेत कुळाचा इतिहास सांगणारं कोणी उरत नाही. त्याचे शब्द आहेत म्हणून पेन कुळाचा राहतो. शिवाय परधान स्वतः वेगळी जमात आहे. दुसऱ्याच्या देवाची आठवण सांभाळणं हे एका संपूर्ण जमातीचं काम असावं, ही रचना मला विलक्षण वाटते.

आणि तो पेन दिसतो कसा? आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ च्या चार खंडांच्या ग्रंथात फर्सा पेनचं वर्णन दिलं आहे: लोखंडी भाल्याचं पातं, पोकळ बांबूत घालून झाडावर टांगलेलं. ते राहत्या घरात ठेवायचं नाही. बडादेवाचं झाड म्हणजे साज, आपण ज्याला ऐन म्हणतो. कचारगडाच्या परंपरेत सल्ला आणि गांगरा अशी जोडी पूजतात, सृष्टीतली एकमेकांना पूरक दोन तत्त्वं. रूप नसलेल्या देवाला नाक-डोळे द्यायची घाई या परंपरेने केली नाही.

नात्याचं सर्वांत स्पष्ट रूप भंडाऱ्याच्या बाहेर, आदिलाबादजवळच्या केसलापूरला दिसतं. सात देवांचे मेसराम तिथल्या नागोबाचे कुळवाले. पुष्य अमावास्येच्या जत्रेआधी ते पायी गोदावरीचं पाणी आणतात. कुळात नव्याने आलेल्या सुना त्या जत्रेत देवाला भेटवल्या जातात, आणि ही भेट झाली की सून कुळाची. फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात तिथल्या गोंडांत राहून पुष्कळ लिहिलं, त्यातूनही हेच कळतं. देव इथे घरच्या वडीलधाऱ्याच्या जागी आहे. नवी माणसं त्याला दाखवायची असतात.

आजचा भंडारा जिल्हा, भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सात तालुक्यांचा, गोंड धर्माच्या नकाशात कमी दिसतो. २०११ च्या जनगणनेत इथल्या सुमारे १२ लाख लोकसंख्येत अनुसूचित जमातींचं प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होतं. गोंदियात ते १६ टक्क्यांवर होतं. कचारगड गेला तसं अभ्यासकांचं लक्षही तिकडे वळलं. पण नागझिऱ्याच्या आणि कोक्याच्या जंगलाकाठच्या गावांत, तुमसरच्या डोंगरी पट्ट्यात गोंड घरं आहेत, आणि त्यांची पेनठाणी, म्हणजे देवाच्या जागाही. २०१३ मध्ये कोका अभयारण्य जाहीर झालं, त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही झाला. वाघासाठी रान राखणं गरजेचं आहे यात वाद नाही. मात्र त्या रानातलं एखादं ऐनाचं झाड वनविभागाच्या नोंदीत फक्त झाड असतं.

यावर उपाय कायद्यातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने वनवासींचा सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. त्याचा वापर करून प्रत्येक गावाने आपल्या पेनठाण्यांची यादी करावी: ठाणं कोणत्या सग्याचं, पूजा कोणत्या महिन्यात, भुमक म्हणजे पुजारी कोण, गाणारं परधान घर कोणतं. यादीत ठिकाणाबरोबर नातंही लिहावं. हे काम विद्यापीठांनी येऊन करण्याची वाट पाहू नये. साकोली-तुमसरकडच्या महाविद्यालयांत गोंड आणि परधान मुलं-मुली शिकत आहेत. मोबाइलवर आजोबांचं गाणं ध्वनिमुद्रित करायला त्यांना एक संध्याकाळ पुरेल. पहिली नोंद सगळ्यांना येणाऱ्या प्रश्नापासूनच करता येईल: आपले देव किती, आणि सोयरे कोण?